‘आम्हाला शिकवू द्या’ : एका मागणीची पार्श्वभूमी

जिल्हा परिषद शिक्षकांच्या आंदोलनांत गेली काही वर्षे एक घोषणा हमखास ऐकू येते : ‘आम्हाला शिकवू द्या.’ म्हणजे शिकवण्याबाहेरची कामे आमच्यावर लादू नका. तिच्यामागचा थकवा मात्र बराच जुना आहे.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावात रोज भेटणारा, हिशेबाला पक्का सरकारी माणूस म्हणजे गुरुजी. जनगणना असो की मतदारयादी, काम त्यांच्याकडेच यायचे. पण ते अधूनमधून. रोजचे ओझे वाढले ते पोषण आहाराने. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. मुलांसाठी तो अतिशय मोलाचा होता. मात्र तांदळाचा साठा आणि ताटांचा रोजचा हिशेब शाळेच्या माथी आला, आणि प्राथमिक शाळेत कारकून नसतोच.

२००७ मध्ये याच न्यायालयाने सांगितले, की मतदारयादीचे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवणे नसलेल्या दिवशी द्यावे. मुलांचे तास वाचले, गुरुजींचा रविवार गेला. माझ्या मते खरी मेख इथेच आहे : शिक्षकाच्या विश्रांतीचा विचार कुणीच केला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशैक्षणिक कामांना बंदी घातली, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळून. त्याच कायद्यात शिक्षकाचा आठवडा पाठाच्या तयारीसह किमान ४५ तासांचा आहे. द्विशिक्षकी शाळेत एक जण प्रशिक्षणाला गेला, की सगळे वर्ग दुसऱ्याच्या एकट्यावर पडतात. तयारी करायची कधी?

मग २०१५ च्या सुमारास ‘सरल’ ही राज्याच्या शिक्षण विभागाची ऑनलाइन माहिती-प्रणाली आली. एकेका विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरायची. शाळेत रेंज नसेल तर रात्री घरी. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर ‘माहिती तात्काळ पाठवा’ सुरू झाले. कोरोनाकाळात अनेक शिक्षक घरोघरच्या सर्वेक्षणाला आणि तपासणी नाक्यांवर होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अशा थकव्याची व्याख्या नव्याने मांडली. गळून जाणे, कामावरून मन उडणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे ही त्याची लक्षणे. यातले मन उडणे मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ते हजेरीपटावर दिसत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मराठा आणि खुल्या प्रवर्गाच्या सर्वेक्षणासाठी पुन्हा शिक्षकच प्रगणक झाले. त्याच वर्षी राज्य शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी जाहीर केली. कायद्यातले तिन्ही अपवाद अर्थातच तसेच राहिले.