बर्डीतले जुने लॅपटॉप आणि लिनक्स : थोडी पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे २०१५-१६ सालचे, अजून ठणठणीत असलेले लॅपटॉप एका तारखेत बाद ठरले. नागपूरच्या सीताबर्डीतल्या (म्हणजे बर्डीतल्या) दुकानांत आणि घराघरांतल्या कपाटांत अशी यंत्रं पडून आहेत. "यावर लिनक्स टाकून देता का?" असं ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी विचारतच असतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. मी आनंदाने टाकून देतो. हे जमतं कसं, हे समजून घ्यायचं तर पस्तीस वर्षं मागे जावं लागेल.

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. तीच पुढे लिनक्स झाली. त्याच्याकडे इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा पीसी होता, रॅम ४ एमबी. आज मोबाइलवरचा एक फोटोही कित्येकदा याहून मोठा असतो. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्याच वर्षीचा नाताळ. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे फक्त २ एमबी रॅम होती आणि तेवढ्यात त्याला कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करता (सोर्स कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवता) येत नव्हतं. टॉरवाल्ड्सला स्वतःला त्याची काही गरज नव्हती, तरी सुट्टीत बसून त्याने रॅम भरली की तिच्यातला मजकूर डिस्कवर ठेवायची सोय लिहिली. स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्याच्या अडचणीसाठी त्याने घातलेली ही पहिली सोय, असं त्यानेच नोंदवून ठेवलं आहे. अपुऱ्या यंत्रावर बसलेल्या माणसाचा विचार लिनक्समध्ये पहिल्या काही महिन्यांतच शिरला तो असा.

दुसरी गोष्ट परवान्याची. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. लिनक्सचा सुरुवातीचा परवाना वेगळा होता. त्यात वाटपासाठी पैसे घ्यायला मनाई होती, अगदी फ्लॉपीवर कॉपी करून देण्याचा खर्चसुद्धा घेता येत नसे. १९९२ मध्ये टॉरवाल्ड्सने जीपीएल स्वीकारला आणि ती अडचण सुटली. कॉपी करा, विका, फुकट वाटा, फक्त पुढच्या माणसाला सोर्स कोडचा तोच हक्क द्या.

नागपूरला याचा थेट फायदा झाला. डायल-अपवर अख्खी डिस्ट्रो (लिनक्स आणि सोबतचे प्रोग्रॅम यांचा तयार संच) उतरवणं अशक्यच होतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या आणि त्या हातोहात फिरल्या. २००४ मध्ये उबुंटू ही डिस्ट्रो आली. ती बनवणारी कंपनी सीडी पोस्टाने घरपोच, फुकट पाठवायची. ही सोय २०११ पर्यंत चालली.

तिसरी गोष्ट विजेची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं उशाशी असूनही २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे लोडशेडिंग होतं. घरोघरी यूपीएस नव्हते. तेव्हाच्या लिनक्समध्ये ईएक्सटी-२ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, असे. काम चालू असताना वीज गेली की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना एफएससीके हा तपासणीचा प्रोग्रॅम अख्खी डिस्क तपासत बसे. काळ्या पडद्यावर टक्केवारी मुंगीच्या पावलांनी सरकायची, आणि नशीब वाईट असेल तर मशीन मध्येच थांबून रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड मागायचं. ज्याला लिनक्स नुकतंच घालून दिलंय तो इथेच धीर सोडायचा. ते साहजिकच होतं.

नोव्हेंबर २००१ मध्ये कर्नेल २.४.१५ सोबत ईएक्सटी-३ आली. स्टीफन ट्वीडी यांचं हे काम. तिच्यात जर्नल असतं. दुकानदार आधी रोजमेळात नोंद करतो, मग सवडीने खतावणीत चढवतो, तसं डिस्कवरच्या रचनेतला बदल आधी जर्नलमध्ये लिहिला जातो आणि नंतर मूळ जागी. मध्येच वीज गेली तर सुरू होताना फक्त जर्नलमधल्या नोंदी पूर्ण करायच्या. काही सेकंदांत मशीन उभं. सेव्ह न केलेला मजकूर अर्थात जायचाच, पण डिस्कची घडी मोडत नसे. शिवाय जुनी ईएक्सटी-२ डिस्क फॉरमॅट न करता, ट्यून२एफएस या प्रोग्रॅमच्या एका कमांडने ईएक्सटी-३ करता यायची. माझ्या मते आपल्या भागात लिनक्स घरच्या मशीनवर टिकलं त्यात चकचकीत डेस्कटॉपपेक्षा या जर्नलचा वाटा मोठा आहे. २००८ अखेरीस ईएक्सटी-४ आली. आज बहुतेकांच्या लिनक्स मशीनवर तीच असते.

आजच्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर मी एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकतो आणि झेडरॅम सुरू करतो. झेडरॅम हा त्या १९९१ च्या नाताळातल्या सोयीचाच पुढचा अवतार: न लागणारा मजकूर डिस्कवर न पाठवता दाबून रॅममध्येच ठेवायचा. २०१४ पासून तो मुख्य कर्नेलमध्ये आहे. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक लगेच जाणवतो. ब्राउझर मात्र रॅम खातोच, त्याला इलाज नाही. दहा टॅब उघडू नका, एवढं मी आधीच सांगून ठेवतो.

लिनक्सही सगळं कायम सांभाळत नाही. ज्या ३८६ वर ते जन्माला आलं, त्याचा आधार डिसेंबर २०१२ मध्ये कर्नेलमधून काढला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोमध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फरक इतकाच की जुना सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला राहतो आणि कोणाला गरज असेल तर तो पुढे चालवता येतो. बर्डीत जुना लॅपटॉप घेणार असाल तर प्रोसेसर ६४-बिट आहे ना, एवढं दुकानातच बघून घ्या. कोअर २ ड्युओ किंवा त्यानंतरचा कोअर मालिकेतला असेल तर काळजी नाही. सुरुवातीच्या काही ॲटम नेटबुकांबाबत मात्र जपून.