एबी रोड मानपूरला खाली उतरतो तेव्हा

लहानपणी एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याने, इंदूरहून धुळ्याला आत्याकडे जायचो तेव्हा गाडी काका चालवायचे, आणि महू मागे पडून मानपूर आलं की ते आम्हाला काचा खाली करायला लावायचे. बाहेरून एक उग्र जळका वास यायचा. "हा ट्रकच्या ब्रेकचा वास, हा आला की पुढच्या ट्रकपासून लांब राहायचं," असं ते दरवेळी सांगायचे.

त्या वासामागचा हिशोब मला फार नंतर कळला. 40 टनांचा ट्रक 100 मीटर खाली उतरला की जवळपास 4 कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे घरच्या मीटरवर 11 युनिट, किंवा एक लिटर डिझेल जाळल्यावर निघते त्याहून थोडी जास्तच उष्णता. ड्रायव्हर नुसता ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर यातली बहुतेक उष्णता ब्रेकच्या ड्रममध्येच जाते, ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनिंगची पकड सुटत जाते आणि मग पेडल कितीही दाबलं तरी गाडी थांबत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरतात, म्हणजे गाडी रोखायचं बरंचसं काम इंजिन करतं. मानपूरच्या पुढच्या गणपती घाटात ब्रेक फेल होऊन इतकी माणसं गेली आहेत की ही गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला शिकवलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पण मुळात रस्त्याला इतकं खाली उतरावं का लागतं? इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे आणि खलघाटला नर्मदा 150 मीटरच्या आसपास, म्हणजे चारशे मीटरचा फरक, आणि त्यातला बराचसा विंध्याच्या कडेला थोड्याच अंतरात उतरायचा असतो. माळव्याचं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचं आहे, एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखं, म्हणूनच त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, स्वीडिश भाषेत ट्रॅपा म्हणजे जिना. आणि नर्मदा वाहते ती विंध्य आणि सातपुड्याच्या मधल्या खचदरीतून. आपल्या भाषेत डोंगर उतरायची वाट पण घाट आणि नदीचा उतार पण घाट, तर या एका रस्त्यावर तासाभरात दोन्ही भेटतात.

इथून जाणारे आपण काही पहिले नाही. पैठणहून उज्जैन, विदिशा करत श्रावस्तीला जाणाऱ्या वाटेचं वर्णन जुन्या बौद्ध ग्रंथात आहे, त्यात मधला मुक्काम माहिष्मती, जी बरेच जण महेश्वर मानतात. महेश्वरहून महूकडे चढताना विंध्याच्या अगदी काठावर अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलेला जाम दरवाजा आजही उभा आहे. तिथे उभं राहून खाली नर्मदेकाठचं निमाड बघितलं की नकाशा न उघडता कळतं की वाट इथूनच का काढली. 1818 मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला आली, त्याच वर्षी महूची छावणी बसली, आणि पुढे इंग्रजांचा आग्रा-मुंबई रस्ता मानपूरच्या बाजूने उतरवला गेला.

आता या रस्त्याच्या नंबरचं बघा. आमच्या पिढीच्या तोंडात अजून त्याचा जुना नंबर एनएच (राष्ट्रीय महामार्ग) 3 च आहे, पण 2010 मध्ये सगळे नंबर बदलले आणि आज एनएच 3 अटारीहून लेहला जातो. नवीन पद्धत मला तरी फार आवडली: उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे, आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. म्हणून जुन्या एबी रोडवर आग्र्याहून निघालात तर ग्वाल्हेरपर्यंत 44, मग ब्यावरापर्यंत 46, आणि तिथून इंदूरमार्गे धुळ्यापर्यंत 52. अहमदाबादकडून येऊन बैतूल, नागपूरला जाणारा 47, तो आपल्या इंदूरलाच 52 ला कापतो.

खलघाटचा पूल ओलांडला की काका चहाला थांबायचे. मग ठीकरी, जुलवानिया, सेंधव्याचा किल्ला, आणि बिजासनी मातेला गाडीतूनच हात जोडले की सातपुड्याचा घाट सुरू व्हायचा. खाली शिरपूरकडे उतरताना कुणी सांगायच्या आधीच आम्ही मुलं काचा खाली करायचो.