एलएल.एम. आणि आंतरराष्ट्रीय वकिली

एलएल.एम. (मास्टर ऑफ लॉज) म्हणजे कायद्याच्या पदवीनंतरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. संक्षेपातील दुहेरी ‘एल’ची उपपत्ती दोन तऱ्हांनी सांगतात. लॅटिनमध्ये अनेकवचनाचा संक्षेप करताना आद्याक्षर दोनदा लिहीत, म्हणून ‘लेगुम’ (कायद्यांचा) याचे ‘एलएल’ झाले, हे एक मत. मध्ययुगीन विद्यापीठांत रोमन नागरी कायदा व चर्चचा धर्मकायदा असे दोन्ही शिकवले जात, त्या जोडीची ही खूण, हे दुसरे. पृष्ठांसाठी ‘पीपी’ लिहिण्याची रीत पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात हा अभ्यासक्रम पूर्वापार दोन वर्षांचा; २०१२-१३च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने एक वर्षाचाही मान्य केला. परदेशात तो बहुधा एकाच वर्षाचा असतो. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या २०२०च्या नियमांनी अशा एकवर्षीय परदेशी पदवीला भारतीय एलएल.एम.ची समकक्षता नाकारली व त्यांना न्यायालयात आव्हान मिळाले. परतून अध्यापन करू इच्छिणाऱ्याने हा मुद्दा प्रवेशाआधीच तपासावा.

एलएल.एम. ही पदवी आहे, सनद (वकिलीचा परवाना) नव्हे. न्यूयॉर्कमध्ये परदेशी पदवी कालावधी आणि कायदापद्धतीचे स्वरूप (ती इंग्रजी ‘कॉमन लॉ’वर आधारलेली आहे का) अशा दोन कसोट्यांवर तपासतात. दोन्हींना उतरल्यास एलएल.एम.विना बार परीक्षेस (सनदेसाठीच्या परीक्षेस) बसता येते. एकीत उणी पडल्यास एलएल.एम.ने भरपाई होते. दोन्हींत उणी असल्यास होत नाही. भरपाईसाठी २४ श्रेयांक (क्रेडिट) लागतात, त्यांपैकी ठरलेले असे : वकिली आचारसंहिता २, संशोधन व लेखन २, अमेरिकी कायद्याची ओळख २, परीक्षेतील विषयांचे ६. केवळ मानवाधिकार किंवा सागरी कायद्याचे विषय घेणाऱ्याचे हे ६ राहून जातात आणि वर्ष संपल्यावर ते ध्यानी येते. दूरशिक्षण चालत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यास एलएल.एम. लागतच नाही, तेथे २०२१पासून एसक्यूई ही परीक्षा आहे.

कोल्हापुरातून अर्ज करणाऱ्याची खरी अडचण कागदपत्रांत असते. गुणपत्रकावर आडनाव आधी व वडिलांचे नाव शेवटी, पासपोर्टवर क्रम वेगळा. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवावे. अनेक ठिकाणी ट्रान्स्क्रिप्ट (सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडूनच थेट जावे लागते, उमेदवाराने पाठवलेली प्रत चालत नाही. म्हणून शिवाजी विद्यापीठाकडील अर्ज मुदतीच्या बराच आधी द्यावा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात बहुधा उन्हाळ्यात निघते, तर प्रवेशाची अनामत अनेकदा त्याआधीच भरावी लागते.

विषयनिवडीचा उत्तम धडा शहरातच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक निर्देशन (जीआय, म्हणजे मूळ स्थानाशी जोडलेल्या नावाची नोंदणी) मिळाले. २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखवल्या गेल्या. भारतातील नोंदणी परदेशात आपोआप लागू होत नाही. शिवाय ती नावाला संरक्षण देते, घडणीला नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारातील २३व्या कलमाचे वाढीव संरक्षणही फक्त वाइन व ऊर्ध्वपातित मद्यांना (स्पिरिट्सना) आहे. चर्मकारांच्या बाजूने हा प्रश्न मांडायचा तर बौद्धिक संपदा आणि व्यापार कायदा हे दोन्ही विषय एकत्र घ्यावे लागतात.