घातक कचरा घराच्या उंबरठ्यावर का अडला?

कारखान्याने पिंपभर थिनर गटारात ओतले तर तो गुन्हा. तेच थिनर शेकडो घरांच्या मोऱ्यांतून थोडे थोडे वाहून गेले, तर त्याबद्दल कायदा बराच काळ गप्प होता. रंगाचे अर्धवट डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, फुटलेले थर्मामीटर, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया, जुन्या बॅटऱ्या हा सगळा घरगुती घातक कचरा. तो स्वीकारण्यासाठी काही शहरांत कायमची केंद्रे असतात, काही ठिकाणी वर्षातून एखाददुसरा दिवस ठरलेला असतो आणि पुष्कळ ठिकाणी काहीच नसते. ही सेवा अशी विस्कळीत का राहिली, याचे मूळ कचऱ्यात कमी आणि कायद्याच्या रचनेत जास्त आहे.

अमेरिकेने १९७६ मध्ये संसाधन संवर्धन व पुनर्प्राप्ती कायदा केला. घातक कचरा तयार झाल्यापासून त्याची शेवटची विल्हेवाट लागेपर्यंत कागदोपत्री माग ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. पण १९८० मध्ये प्रत्यक्ष नियम लागू झाले तेव्हा घरांतून निघणारा कचरा त्यांतून वगळला गेला. कारण व्यावहारिक होते: कोट्यवधी घरांना नोंदवह्या आणि तपासनीस कोण पुरवणार? शिवाय तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे कारखानेच होते. नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल इथे एका रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रसायने पुरली होती. त्या जागेवर आणि भोवती पुढे शाळा आणि वस्ती उभी राहिली. १९७८ मध्ये रसायने तळघरांपर्यंत झिरपल्याचे प्रकरण देशभर गाजले आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. जुन्या विषारी जागा साफ करण्याचा खर्च जबाबदारांकडून वसूल करणारा ‘सुपरफंड’ कायदा १९८० च्या डिसेंबरात आला, तो याच पार्श्वभूमीवर.

नगरपालिका अडकल्या त्या इथे. सुपरफंडच्या यादीत कारखान्यांच्या आवारांसोबत शहरांच्या जुन्या कचराभूमीही आल्या. ज्या कंपन्यांकडून खर्च मागितला गेला त्या म्हणाल्या, कचरा काय आम्ही एकट्यांनीच टाकला? नगरपालिकांच्या गाड्याही तिथेच रित्या होत होत्या. ‘बी. एफ. गुडरिच विरुद्ध मर्था’ या खटल्यात १९९२ साली संघीय अपील न्यायालयाने निर्वाळा दिला की, कचरा घरगुती आहे एवढ्याच कारणावरून नगरपालिकेची सुटका होत नाही. एका कायद्याने घरांना दिलेली सूट दुसऱ्या कायद्याने अशी नगरपालिकेच्या गळ्यात घातली. घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करण्याबाबत शहरांनी नंतर जी लगबग दाखवली, तिच्यात पर्यावरणप्रेमाइतकाच या भीतीचाही वाटा असावा, असे मला वाटते.

सुरुवात मात्र त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या आरंभी, छोट्या शहरांतून झाली होती. नागरिकांचे गट एक दिवस ठरवत, मोकळ्या जागेत तंबू ठोकत आणि लोकांना घरातली नको असलेली रसायने आणायला सांगत. येणाऱ्या गोष्टी पाहून जुन्या बंदीचे खरे स्वरूप कळे. डीडीटी या कीटकनाशकाच्या वापरावर अमेरिकेने १९७२ मध्ये बहुतांशी बंदी घातली, पण माळ्यावरची बाटली बंदीने नाहीशी होत नाही. कायदेशीर असताना घेतलेले विष बेकायदा झाल्यावर द्यायचे कुणाकडे, याचे उत्तर कोणत्याही खात्याकडे नव्हते.

डेन्मार्कने वाट वेगळी धरली. तिथल्या नगरपालिकांनी १९७० च्या दशकात एकत्र येऊन न्यूबोर्ग इथे रासायनिक कचऱ्यासाठी सामाईक प्रकल्प उभारला आणि स्थानिक संकलन केंद्रे त्याला जोडली. छोट्या गावाला स्वतःची भट्टी कधीच परवडणार नव्हती. गोळा गावाने करायचे आणि जाळायचे सगळ्यांनी मिळून, ही विभागणी टिकली.

जपानमध्ये चिंता पाऱ्याची होती आणि त्यामागे मिनामाता या शहराची आठवण होती. तिथला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला होता. १९८० च्या दशकात कोरड्या बॅटऱ्यांतल्या पाऱ्यावरून गदारोळ झाला, तेव्हा अनेक नगरपालिकांनी बॅटऱ्या वेगळ्या घ्यायला सुरुवात केली. त्या होक्काइदोतल्या इतोमुका इथे जाऊ लागल्या. ही पूर्वी पाऱ्याची खाण होती. खाणकाम बंद पडल्यावर तिथे कचऱ्यातून पारा परत मिळवला जाऊ लागला. पण मोठा फरक पडला तो उत्पादकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वसाधारण बॅटऱ्यांतून पाराच काढून टाकला तेव्हा. हे उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, कारण संकलन केंद्र कितीही चोख असले तरी तिथपर्यंत येणारी घरे थोडीच असतात. उलट मूळ वस्तूतून विष गेले की न येणाऱ्यांचाही प्रश्न सुटतो.

केंद्रावरचे काम बाहेरून सोपे दिसते. कचरा घेऊन आलेल्यांना सहसा वाहनातून उतरू दिले जात नाही. हातमोजे आणि गॉगल घातलेले कर्मचारीच सामान काढून घेतात. मग खरी कसरत वर्गवारीची. आम्ल एकीकडे, अल्कली दुसरीकडे, पेट घेणारे द्रव ऑक्सिडायझरपासून, म्हणजे आग भडकवणाऱ्या रसायनांपासून, लांब. क्लोरीनयुक्त ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी क्लोरॅमाइन वायू होतो. क्लोरीनची पूड तेलकट पदार्थात मिसळली तर आग लागू शकते. हीच रसायने साध्या कचरागाडीत एकत्र दाबली गेली तर पहिला फटका सफाई कामगाराला बसतो. सर्वांत वैतागवाणी असते ती लेबल गळून पडलेली बाटली. तिची आधी चाचणी करावी लागते, आणि एवढ्याने खर्च वाढतो.

हा खर्च कुणी सोसायचा, यावरून पुढचा टप्पा सुरू झाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९४ मध्ये उरलेल्या रंगाची जबाबदारी रंग कंपन्यांवर टाकली. अमेरिकेत तसा पहिला कायदा ऑरेगनने २००९ मध्ये केला. औषधांचा घोळ वेगळाच होता. नियंत्रित औषधे, म्हणजे दुरुपयोगाच्या धोक्यामुळे कडक नियमांखाली असलेली औषधे, रुग्णाने पोलीस यंत्रणेखेरीज कुणाला परत देण्याची सोयच अमेरिकी कायद्यात नव्हती, त्यामुळे औषधाचे दुकानही ती घेऊ शकत नव्हते. २०१० च्या दुरुस्तीने ती वाट मोकळी झाली.

दरम्यान कायदा हळूहळू उंबरठा ओलांडू लागला आहे. भारतात घातक कचऱ्याचे १९८९ चे नियम उद्योगांभोवतीच होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या केली आणि दर २० चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र असावे, असे म्हटले. कागदावर हे ठीकच आहे. नागरिकाला मात्र आपले केंद्र कुठे आहे हे कळायला हवे ना! युरोपीय संघाने २०१८ च्या दुरुस्तीत सदस्य देशांना घरांतला घातक कचरा वेगळा गोळा करण्याची व्यवस्था १ जानेवारी २०२५ पर्यंत लावायला सांगितले. तिथेही मिश्र घरगुती कचऱ्याला घातक कचऱ्याच्या नियमांतून असलेली सूट पूर्णपणे गेलेली नाही.

आता या केंद्रांपुढचा माल बदलतो आहे. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला आणि २०२३ च्या बैठकीत पारा असलेल्या फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले. ट्यूबलाइट आणखी काही वर्षे येत राहतील आणि मग ओघ आटेल. त्यांची जागा लिथियम-आयन बॅटऱ्या घेत आहेत, आणि त्या फोन, खेळणी, टूथब्रश अशा वस्तूंच्या पोटात दडलेल्या असतात. कचरागाडीच्या दाबयंत्रात त्या चिरडल्या की आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन पेटतात. म्हणून बॅटरी देण्याआधी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावायला सांगतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार वापरलेल्या छोट्या बॅटऱ्यांपैकी ६३ टक्के २०२७ अखेरपर्यंत आणि ७३ टक्के २०३० अखेरपर्यंत गोळा करायच्या आहेत, आणि ते काम उत्पादकांच्या खर्चाने व्हायचे आहे.