आजाराला जात चिकटते तेव्हा

शहाद्याच्या आठवडे बाजारात तासभर उभं राहिलं तरी पाच-सहा बोली कानावर पडतात. सातपुड्यातून उतरलेले पावरा आपसांत पावरी बोलतात. भिल्लांची भिली वेगळी, गुजर पाटलांची गुजरी वेगळी. दुकानदाराशी भाव करताना बरेचसे अहिराणीवर येतात आणि तहसील कचेरीत गेले की मराठीवर. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात दर १०० माणसांत ६९ जण अनुसूचित जमातींचे आहेत, धुळ्यात सुमारे ३२, जळगावात १४. इतके समाज शेजारी-शेजारी नांदतात तिथे समोरचा कोण, कुठला हे ओळखण्याची सवय अंगवळणी पडते. नेसण्यावरून, दागिन्यावरून, आडनावावरून, नाहीतर तोंडातून निघालेल्या पहिल्या दोन शब्दांवरून. यात गैर काही नाही. ही ओळख रक्तातच उतरलेली आहे असं धरून आपण वागू लागतो तेव्हा मात्र घात होतो. खान्देशात रक्ताबद्दल बोलायचं तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल बोलावं लागतं.

रक्ततपासणीच्या शिबिरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “हाऊ आजार आमनामा नही ऱ्हास, ताई.” हा आजार आमच्यात नसतो, तो डोंगरातल्या लोकांचा. बोलणारी बाई रांगेतून निघून जाते आणि मागे उरलेल्या पावरा-भिल्ल बायांनी ते ऐकलेलं असतं. जाणारीचं रक्त तपासायचं राहून जातं, थांबलेलीच्या कपाळी शिक्का बसतो.

आधी आजार काय आहे ते पाहू. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, प्राणवायू वाहून नेणारं. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीने जोडलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांतलं फक्त सहावं बदललेलं असतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू सोडून रिकामे झालेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार होतात, आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी. शिवाय या ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. मग हाडांत, सांध्यांत, छातीत, पोटात ज्या कळा येतात त्या भोगणाऱ्यालाच ठाऊक.

आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर हा आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस ‘वाहक’ असतो. वाहकाला औषध लागत नाही, तो शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, वाहक बाईला मुलंबाळं होतात. हा फरक समजावून सांगायला शिबिरात जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा दिला जात नाही, असं माझं मत आहे. तपासणीच्या निकालाचं कार्ड हातात पडलं की घरी सगळेच ‘सिकलसेलवाले’ होतात.

पहिली चाचणी अगदी साधी असते. बोट टोचून रक्ताचा थेंब काचनळीतल्या द्रावणात टाकतात. त्या द्रावणात पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेतला जातो. नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा आरपार स्पष्ट दिसल्या तर सदोष हिमोग्लोबिन आढळलं नाही. द्रावण गढुळलं आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. पण माणूस वाहक आहे की आजारी, हे ही नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी पुढची तपासणी करावी लागते. नळीत रंगाचा, बोलीचा, जातीचा काहीच पत्ता लागत नाही.

तरीही या आजाराला ‘अमुक लोकांचा’ ठरवण्याचा उद्योग जुना आहे आणि त्याची सुरुवात आपल्याकडे झालेली नाही. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातल्या या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकी वैद्यकात हा ‘काळ्यांचा रोग’ म्हणून पक्का झाला. गोऱ्या माणसाच्या रक्तात अशा पेशी सापडल्या तर आपली समजूत तपासण्याऐवजी त्याच्या पूर्वजांवर संशय घेतला जाई. पुढे १९७२ साली तिथे सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा झाला, पैसा आला, तपासण्या वाढल्या. पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट न समजावल्याने निरोगी कृष्णवर्णीय तरुणांना नोकरी आणि विमा नाकारला गेल्याचे प्रकार घडले. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१पर्यंत प्रवेश नव्हता.

दरम्यान विज्ञान पुढे गेलं होतं. ग्रीसमध्ये, तुर्कस्तानात हा दोष सापडला. १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सापडला आणि मग मध्य भारतात जागोजागी. यांतले ग्रीक दिसायला गोरे, निलगिरीतले सावळे, आणि अमेरिकी वंशकल्पनेत दोघेही ‘काळे’ नव्हेत. मग या सगळ्यांत समान काय? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून उत्तर दिलं: मलेरिया. सिकलसेलच्या वाहकाला गंभीर, जीवघेण्या मलेरियापासून जवळपास ९० टक्क्यांपर्यंत संरक्षण मिळतं. जिथे डासांनी पिढ्यानपिढ्या मुलं नेली, तिथे वाहक मुलं जास्त जगली आणि हे जनुक टिकलं. सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल हे मलेरियाचं जुनं घर. भारतात आढळणाऱ्या प्रकाराला शास्त्रज्ञ ‘अरब-भारतीय’ प्रकार म्हणतात, कारण तोच सौदी अरेबियाच्या पूर्व भागातही मिळतो. या प्रकारात बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं आणि त्यामुळे अनेकांचा आजार थोडा सौम्य असतो. धडगावच्या पावरा मुलाच्या पेशीतली ही खूण समुद्रापलीकडच्या अरबाशी जुळते, त्वचेच्या रंगाशी तिचा काही संबंध नाही.

माणसांचे वंश मोजून लावण्याचे प्रयोग आपल्यावरही झाले आहेत. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उतरंड वंशावर बसवायचा खटाटोप केला. १९०१च्या जनगणनेचा तोच प्रमुख होता. याला उत्तर देणाऱ्यांत दोन मराठी नावं आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मांडलं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच आहेत, जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे. त्याआधी इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण श्रेष्ठ मेंदूची साक्ष देते, अशी गुरूंची धारणा होती. मोजमापांत तसा फरक दिसला नाही आणि इरावतीबाईंनी तसंच लिहून दिलं. पुढे हे गुरू नाझींच्या वंशधोरणाचे पाठीराखे झाले. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध आपले आकडे मांडणारी ही मराठी बाई मला फार मोठी वाटते.

जनुकशास्त्राने त्यावर कळस चढवला. १९७२ साली रिचर्ड लिवाँटिन यांनी दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत असतो. ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्यातला फरक ६-७ टक्क्यांच्या आसपास. भारतापुरतं सांगायचं तर हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष प्रत्येकाने वाचावा असा आहे. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडात जबरदस्त सरमिसळ झाली. भिल्लांसारखे एकटे राहिले असं आपण समजतो ते समूहही त्यातून सुटले नाहीत. त्यानंतर हळूहळू आपापसांतच लग्नं करण्याची रीत घट्ट झाली आणि सरमिसळ थांबत गेली. म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘ते’ ही वाटणी दोन हजार वर्षांच्या आतबाहेरची. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी घडवणारी माणसं २५ हजार वर्षांपूर्वी राहत होती, त्यांच्या हिशेबात ही कालचीच गोष्ट.

पण इथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. वंश खोटे असले तरी लग्नाच्या कुंपणाने जनुकांत खुणा ठेवल्या आहेत. २०१७च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६०हून अधिक समूह तपासले गेले आणि त्यांतल्या ८१ समूहांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची, आपापसांत लग्नं केल्याची फार ठळक छाप निघाली. हे दुर्गम पाड्यांपुरतं नाही. आंध्रातल्या वैश्य समाजात भुलीच्या एका औषधाने जीव धोक्यात येऊ शकेल असा जनुकीय दोष जास्त आढळतो. सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहक जास्त आहेत, आणि फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं जळगावात पिढ्यानपिढ्या राहत आहेत. प्रत्येक कुंपणाआड काही ना काही साठलं आहे. पावरांच्या वाट्याला आलं त्याची शिबिरं भरतात, इतरांचं घरातल्या घरात राहतं, एवढाच फरक.

हिशेब साधा आहे. समजा एखाद्या समाजात दर पाच माणसांत एक वाहक आहे. तिथे आपसांत जुळलेल्या २५ जोडप्यांपैकी एकात दोघंही वाहक निघतील आणि त्यांच्या प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक. म्हणजे शंभर बाळांमागे एक. तोच जोडीदार शंभरात एक वाहक असलेल्या समाजातून आला तर हे प्रमाण दोन हजारांत एक इतकं खाली येतं. म्हणून बाहेर लग्न केलं की काळजी मिटली का? नाही. एकाकडे सिकलसेलचं आणि दुसऱ्याकडे थॅलसेमियाचं जनुक असेल तर बाळाला दोन्हींचा मिळून एक त्रासदायक आजार होऊ शकतो. लग्नाआधी दोघांनी रक्त तपासावं, मग जात कोणतीही असो. पत्रिका पाहणाऱ्या घरांना हे जड जाऊ नये.

शिक्क्याची किंमत कोण मोजतं, तेही पाहू. दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाड्यापाड्यांतून कुटुंबं ऊस तोडायला गुजरातकडे जातात. पहाटेची थंडी, दिवसभराचं कष्टाचं काम, पोटात पुरेसं पाणी नाही. सिकलसेलची कळ नेमकी याच तीन गोष्टींनी उठते. तरणाताठा माणूस खोपीत पाय पोटाशी घेऊन पडतो, बाहेरून जखम दिसत नाही, ताप असेलच असं नाही. मुकादम म्हणतो, नाटकं करतोय. ‘हे लोक असेच’ ही समजूत आधीच तयार असते आणि आजाराचं लक्षण अलगद तिच्यात बसवलं जातं. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने अशा कळा बऱ्याच कमी होतात. पण ती मिळायची तर आधी कोणीतरी त्या दुखण्यावर विश्वास ठेवावा लागतो.

ही समजूत माणूस पोटातून घेऊन येत नाही. अमेरिकेत पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांना नुसते फोटो दाखवून ‘कोणाशी मैत्री करशील’ असं विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या रंगाची मुलं निवडली. फोटोंना आवाज जोडल्यावर मात्र चित्र पालटलं: परक्या हेलात बोलणाऱ्या गोऱ्या मुलापेक्षा आपल्या हेलात बोलणारं काळं मूल त्यांना जवळचं वाटलं. आश्रमशाळेत पहिलीत आलेलं पावरी बोलणारं मूल आणि धुळ्याकडची मराठी बोलणारे गुरुजी यांच्यामध्ये काय उभं असतं ते यावरून ध्यानात यावं. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर मनाला चटका लावतो. शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उघड केली नव्हती तोवर दलित आणि सवर्ण मुलं सारखीच होती. सर्वांदेखत जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, कोडीही तशीच.

म्हणून वर्गात नावं पुकारून सिकलसेलचे निकाल सांगणं बंद झालं पाहिजे. निकाल घरच्यांना, एकांतात, त्यांच्या बोलीत सांगावा, आणि ‘तुमच्या लोकांत हे असतं’ या वाक्याने सुरुवात करू नये. ‘तुमच्या रक्तात मलेरियाशी झुंजलेल्या पूर्वजांची खूण आहे, तुम्ही आजारी नाही, जोडीदाराचं रक्त मात्र तपासून घ्या’ असं वाहकाला सांगणारी आशाताई मला अधिक शास्त्रीय वाटते.

दुसरी सुधारणा शहरात हवी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू केलेल्या सिकलसेल मोहिमेत शून्य ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, भर आदिवासी भागांवर. ते रास्तच आहे. पण हे जनुक जमातींपुरतं थांबलेलं नाही, विदर्भात ते दलित आणि इतर मागास समाजांतही आढळतं. जळगावच्या दवाखान्यात एखादं पोर वारंवार हाडं दुखतात म्हणून येतं, डोळे पिवळे, पानथरी (प्लीहा) वाढलेली. आडनाव पाटील किंवा महाजन असलं की सिकलसेलच्या चाचणीचा विचारच होत नाही. लक्षणं पाहून चाचणी सांगावी, आडनाव पाहून नाही.

आणि तपासणी जन्मताच व्हावी. आजार लवकर कळलेल्या बाळांना लहानपणीच रोज पेनिसिलिन दिलं तर न्युमोकोकस जंतूचा घातक संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, हे १९८६ सालच्या अमेरिकी चाचणीत दिसलं आहे. काचनळीची ती साधी चाचणी नवजात बाळासाठी चालत नाही, कारण त्याच्या रक्तात बाळपणीचं हिमोग्लोबिनच जास्त असतं आणि रेघा स्पष्ट दिसून फसगत होते. त्यासाठी एचपीएलसीचं यंत्र लागतं. ते अक्कलकुव्यात नसलं तरी अडत नाही. टाच टोचून टिपकागदावर घेतलेला थेंब वाळवला की तो टपालानेही मोठ्या प्रयोगशाळेत पोचतो.