फॉर्मालिनची बाटली उघडण्यापूर्वी: लंग फ्लूकचे नमुने पाठवणाऱ्यांसाठी

‘सोबत कृमी पाठवत आहे, जात कळवावी.’ एवढी चिठ्ठी आणि फॉर्मालिनने काठोकाठ भरलेली बाटली, असं पार्सल कृमींची जात ओळखून देणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत वारंवार येतं. आत असतो लंग फ्लूक, म्हणजे फुफ्फुसात राहणारा चपटा परजीवी कृमी (शास्त्रीय नाव पॅरागोनिमस). मग आम्ही फोन करतो, तुम्ही म्हणता ‘पण कृमी तर अगदी शाबूत आहे’, आणि दुसरा नमुना मिळेपर्यंत तुमच्या प्रबंधाचं किंवा अहवालाचं काम अडकून पडतं.

कृमी शाबूत दिसतो हे खरं, पण त्याचा डीएनए शाबूत नसतो. फॉर्मालिन डीएनए आणि प्रथिनं यांना एकमेकांत गुंतवून टाकतं, आणि दिवस जातील तसे डीएनएचे तुकडे पडत जातात. अशा नमुन्यातून पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) एखादा आखूड तुकडा कधीकधी हाती लागतो. जवळच्या जाती वेगळ्या काढायला तेवढ्याने भागत नाही.

करायचं ते अवघड नाही. कृमी सलाइनमध्ये धुवा आणि शरीराच्या कडेचा छोटासा तुकडा ब्लेडने कापून घ्या. दोन्ही चूषक (चिकटून राहण्याचे वाटीसारखे अवयव) आणि अंडाशय यांना धक्का लावू नका, ओळख पटवायला तेच लागतात. तुकडा लगेच किमान ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका. इथेनॉल तुकड्याच्या निदान दहापट असावं आणि दुसऱ्या दिवशी एकदा बदलावं. उरलेला कृमी दोन स्लाइडमध्ये हलका दाबून खुशाल फॉर्मालिनमध्ये ठेवा, त्याला आमची ना नाही. दाबताना मात्र जोर लावू नका, चूषक पसरले की मापं खोटी येतात. दोन्ही कुप्यांवर एकच क्रमांक हवा. तो पेन्सिलने कागदावर लिहून कागद कुपीच्या आत टाका, कारण बाहेर पेनने लिहिलेलं अल्कोहोलचा एक थेंब पडला तरी धुऊन जातं.

‘नुसतं सिक्वेन्सिंग करून द्या, स्लाइड कशाला?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. सिक्वेन्सिंग म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं. आम्ही दोन्ही मागतो ते बिल वाढवण्यासाठी नाही. पॅरागोनिमस वेस्टरमनी या जातीतलं ‘वेस्टरमनी’ हे नाव प्राणिशास्त्रज्ञ कर्बर्टने १८७८ मध्ये प्राणिसंग्रहालयात मेलेल्या वाघांमधल्या कृमींना दिलं. आशियाभरातले या नावाचे नमुने जनुकीयदृष्ट्या तपासले, तेव्हा ही एक जात नसून जवळच्या जातींचा समूह असावा असं दिसू लागलं. उलट स्क्रिआबिनी आणि मियाझाकी या जाती पूर्वी वेगळ्या मानत. त्यांच्या आयटीएस-२ आणि सीओएक्स-१ या, जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या भागांमध्ये फरक इतका थोडा निघाला की आता बरेच अभ्यासक त्यांना एकाच जातीच्या उपजाती समजतात. म्हणजे रेष कुठे ओढायची हे एकट्या सिक्वेन्सवरून ठरत नाही. शिवाय जीनबँक या सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात चुकीच्या नावाने नोंदवलेले सिक्वेन्सही असतात, आणि तुमचा नमुना नेमका त्यांच्याशी जुळला तर ते चुकीचं नाव तुमच्या शोधनिबंधात जाऊन बसतं.

सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही आधी काय पाहतो तेही सांगतो, म्हणजे घरचा अभ्यास तुम्हालाही करता येईल. वेस्टरमनीमध्ये मुखचूषक (तोंडाजवळचा) आणि अधरचूषक (पोटाकडचा) साधारण सारख्या आकाराचे असतात, त्वचेवरचे काटे एकेकटे असतात आणि अंडाशयाच्या पाळ्या साध्या असतात, बहुधा सहा. हेटेरोट्रेमस या दुसऱ्या जातीत मुखचूषक ठळकपणे मोठा आणि अंडाशय बारीक फांद्या फुटल्यासारखा. ओहिराई या जातीत काटे पुंजक्यांनी येतात. वयात न आलेल्या किंवा आकसलेल्या कृमीत यातलं निम्मं दिसत नाही, तेव्हा डीएनएचा तुकडा उपयोगी पडतो. वेस्टरमनीच्या त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेल्या) प्रकाराची गोष्ट वेगळी. त्याचे गुणसूत्र ३३, द्विगुणिताचे २२. तो अनिषेकजननाने, म्हणजे फलनाशिवाय, वाढतो आणि त्याच्या शुक्रग्राहिकेत (शुक्राणू साठवण्याच्या पिशवीत) बहुधा शुक्राणू नसतात. ही गोष्ट स्लाइडवरच कळते.

खेकड्यातले मेटासर्केरिया, म्हणजे कृमीच्या अळ्यांचे कोश, पाठवणाऱ्यांना विशेष विनंती. एका खेकड्यातून निघालेले सगळे कोश एकाच कुपीत भरू नका. एकाच खेकड्यात दोन जाती सापडतात, आणि मिसळलेल्या डीएनएचे सिक्वेन्सिंगचे आलेख एकावर एक चढतात. मग ना ही जात ठरत, ना ती. एक कोश, एक कुपी. सोबत खेकड्याची जात आणि ओढ्याचं ठिकाण लिहा. हे लिहायला तुम्हाला मिनिट लागतं, आम्हाला मात्र ते दुसरीकडून कुठूनच मिळत नाही.

रुग्णालयांसाठी: थुंकीत या कृमीची अंडी दिसली की पॅरागोनिमियासिसचं, म्हणजे लंग फ्लूकच्या संसर्गाचं, निदान झालं. अंड्यांच्या मापावरून जात सांगावी ही अपेक्षा आम्ही पुरी करू शकत नाही, जातीजातींची मापं एकमेकांत मिसळतात. जात कळेपर्यंत उपचार थांबवण्याचंही कारण नाही. जात कोणतीही असो, औषध तेच, प्राझिक्वांटेल. क्षयरोगाचे उपचार चालू असूनही थुंकीतून रक्त पडणं थांबत नसेल आणि रुग्णाने कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खेकडे खाल्ले असतील, तर मात्र थुंकी जरूर तपासून घ्या. जात हवीच असेल तर थोडी थुंकी फॉर्मालिनशिवाय, इथेनॉलमध्ये वेगळी ठेवा.

इथेनॉल भरलेल्या, क्रमांक घातलेल्या कुप्या नमुने गोळा करायला निघण्याआधी आमच्याकडून मागवता येतात. नमुना आधीच फॉर्मालिनमध्ये गेला असेल तरी फेकू नका. स्लाइडवरून जेवढं सांगता येईल तेवढं सांगू आणि कृमी वेस्टरमनीसारखा दिसला तर अहवालात ‘वेस्टरमनी समूह’ असंच लिहू, त्यापुढचं नाव छातीठोकपणे लिहिणार नाही.