सिएरा लिओनमधील लोहमार्ग

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशातील लोहमार्गांचा इतिहास. ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेतील पहिला सरकारी लोहमार्ग येथेच झाला. फ्रीटाउन बंदराहून त्याचे काम १८९६च्या सुमारास सुरू झाले. गव्हर्नर फ्रेडरिक कार्ड्यू याने त्याचा विशेष पाठपुरावा केला. १८९९ मध्ये गाडी साँगो टाउनला, १९०३ मध्ये बो येथे आणि १९०७-०८ मध्ये पूर्वेकडील पेंडेंबूला पोहोचली. मुख्य मार्ग सु. ३६५ किमी. लांबीचा होता. बाउया येथून मकेनीकडे एक फाटा जाई. पाम फळांच्या बियांतील गर हा मुख्य माल.

लोहमार्गाचे माप (दोन रुळांमधील अंतर) २ फूट ६ इंच (७६२ मिमी.) होते. नंतर गोल्ड कोस्ट (सध्याचा घाना) व नायजेरियात ३ फूट ६ इंच माप आले. येथे अरुंद माप का निवडले, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक फ्रेंच विस्ताराच्या भीतीने केलेल्या घाईवर भर देतात. परंतु डोंगराळ मुलूख, तीव्र वळणे व अल्प भांडवल ही कारणे अधिक सयुक्तिक वाटतात. बार्शी लाइट रेल्वेचे मापही हेच असले, तरी ती १८९७ मध्ये सुरू झाली. त्यामुळे तिच्या अनुभवावरून फ्रीटाउनचा निर्णय झाला असे मानता येत नाही. या मापाने बांधकाम स्वस्त झाले, पण वेग व वहनक्षमता कायमची मर्यादित राहिली. मालवाहतुकीसाठी १९२६ मध्ये सांधेदार ‘गॅरट’ एंजिने आणावी लागली.

१८९८च्या झोपडीकराविरुद्धच्या उठावाचे (नेता बाय बुरे) मूळ काही लेखक लोहमार्गाच्या खर्चात शोधतात. तथापि कर मुख्यतः नव्या संरक्षित प्रदेशाच्या कारभारासाठी होता. १९१९ व १९२६ मध्ये रेल्वे कामगारांचे संप झाले.

फ्रीटाउन ते हिल स्टेशन हा छोटा डोंगरी मार्ग १९०३-०४ पासून १९२९ पर्यंत चालला. रोनल्ड रॉस याच्या १८९९ मधील हिवतापविषयक मोहिमेनंतर यूरोपीयांसाठी उंचावर स्वतंत्र वसाहत उभारण्यात आली, तिच्यासाठी तो होता.

तोटा व जागतिक बँकेचा सल्ला ही सरकारी लोहमार्ग बंद करण्याची अधिकृत कारणे. हा मार्ग विरोधी पक्षाचा जोर असलेल्या मेंडे जमातीच्या मुलखातून जात होता, हेही अभ्यासक नोंदवतात. दोन्ही कारणे एकत्र धरणे योग्य. १९६८ मध्ये सत्तेवर आलेल्या सिआका स्टीव्हन्स यांच्या कारकीर्दीत मार्ग टप्प्याटप्प्याने उखडला गेला व १९७४-७५ मध्ये संपला. हेच स्टीव्हन्स तरुणपणी माराम्पा–पेपेल या खाणमार्गाच्या बांधणीवर कामाला होते. तो स्वतंत्र, ३ फूट ६ इंची मार्ग १९३३ पासून लोहखनिज वाहू लागला. मध्यंतरी बंद पडलेला हा मार्ग २०११च्या सुमारास टोंकोलिलीपर्यंत वाढवण्यात आला.

फ्रीटाउनच्या क्लाइन टाउन भागात २००५ पासून रेल्वे संग्रहालय आहे. सरकारी लोहमार्गावरील एक हन्स्लेट या ब्रिटिश कंपनीचे एंजिन (क्र. ८५) व काही डबे वेल्समधील एका अरुंदमापी मार्गावर गेले.